गरिबाच्या ताटाचा हिशेब मांडणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवत जन्माने इंदूरच्या, हे आपल्या शहरातल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचा जन्मही इथलाच, १९११ सालचा. तिचे नाव मात्र आपल्या व्याख्यानमालांत फारसे कानावर येत नाही. कमला भागवत, म्हणजेच लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. गरिबाला परवडेल अशा खाण्यात पोषण किती आहे आणि ते अंगी कसे लागेल, हे शोधण्यात या बाईंनी आयुष्य घालवले. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी.

वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्राचे. दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्यावर १९३३ मध्ये कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, नकार कळवला. कमलाबाई बंगळुरूला जाऊन धडकल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही असा सत्याग्रहच त्यांनी मांडला. प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट नोबेल मिळवलेल्या माणसाने घातली होती, याचे आम्हांला आजही वाईट वाटते. वर्षभराने त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित केले. पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

बंगळुरूत श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवले आणि अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा पुढचा प्रवास. या संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण बाई असल्याने वर्षे वाया गेल्यावर.

मुंबईतले त्यांचे काम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा ताजा रस. पहाटे, ऊन चढण्याआधी उतरवावी लागते, नाही तर आंबून तिची ताडी होते. या रसात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे आणि तो आटवून गूळ केला तरी त्यातले बरेचसे टिकून राहत असल्याचे कमलाबाईंनी तपासून दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आमच्यापैकी ज्यांचा जन्म बँकेच्या खतावण्यांत गेला, त्यांना यातली एक गोष्ट लगेच उमगेल. भांडवल झाडाच्या रूपाने आदिवासींच्या दारात आधीच उभे होते. औषधाच्या गोळ्या शहरातून आणायला नकोत आणि गूळ केला की साठवून वाटताही येतो.

दुसरे काम कडधान्यांवरचे. वालासारख्या कडधान्यात प्रथिने भरपूर, पण कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारी द्रव्येही असतात. ती कोणती आणि किती, यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षे काम केले. नीट शिजवल्यावर अशा द्रव्यांचा जोर बराच ओसरतो. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवूनच बिरडे करत आल्या. मांस-दूध ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला पैशाच्या मानाने सर्वांत जास्त प्रथिने कडधान्यच देते, म्हणून ते अंगी लागणे महत्त्वाचे. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. रोज पहाटे हजारो घरी जाणारे दूध नासू नये यासाठीची पद्धत त्यांनी बसवून दिली.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंस्थेत काम करून १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. सामान्य वाचकासाठी त्यांनी मराठीत 'आहार-गाथा' लिहिले. प्रयोगशाळेतले ज्ञान चुलीपर्यंत नेण्याची ही धडपड आम्हांला त्यांच्या शोधनिबंधांइतकीच थोर वाटते.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, जून महिन्यात, त्यांचे निधन झाले.