भुकेल्यांचा वकील : डॉ. नान्सेन

नॉर्वे देशाचे डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन यांचें नांव उत्तर ध्रुवाच्या शोधकांत अग्रभागीं आहे. इ. स. १८६१ मध्यें जन्मलेल्या या धाडसी पुरुषानें १८८८ सालीं ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें. १८९५ सालीं ते व त्यांचा एक सोबती ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत पोंचले. त्यापूर्वीं तितक्या उत्तरेस कोणीहि गेलें नव्हतें. परंतु बर्फाहूनहि कठीण अशा एका गोष्टीशीं त्यांची गांठ वयाच्या साठाव्या वर्षीं पडली. ती म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील अविश्वास.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियांत यादवी युद्ध पेटलें. फौजांनीं शेतकऱ्यांचें धान्य, बियाणेंसुद्धां, ओढून नेलें. त्यांतच १९२१ सालीं अवर्षण पडलें आणि व्होल्गा नदीच्या कांठचे लोक गवत व झाडांच्या साली खाऊन दिवस कंठूं लागले. त्या ऑगस्टमध्यें जिनीव्हा येथें रेडक्रॉस व इतर साह्यकारी संस्थांची परिषद भरली आणि तिनें मदतीची धुरा डॉ. नान्सेन यांच्या खांद्यावर दिली. त्यांनीं मॉस्कोस जाऊन नव्या सरकारशीं करार केला व ३० सप्टेंबर रोजीं राष्ट्रसंघाच्या सभेपुढें ५० लक्ष पौंडांच्या कर्जाची मागणी केली. अमेरिकेंत गहूं कुजत आहे, अर्जेंटिनांत मका इंजिनांत जाळला जात आहे, जहाजें बंदरांत रिकामीं पडलीं आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें.

पण सरकारांनीं नकार दिला. धान्य दिल्यास बोल्शेव्हिक राजवट बळावेल, ही त्यांची भीति होती. ही शंका अगदींच पोकळ होती असें नव्हे. डॉ. नान्सेन यांचें म्हणणें एवढेंच कीं, राजवटीला मिळणारें बळ एका पारड्यांत आणि लाखों जीव दुसऱ्या पारड्यांत घालून पाहावें.

नकारानें ते खचले नाहींत. दुष्काळी मुलखांत हिंडून त्यांनीं छायाचित्रें काढलीं, शहरोशहरीं व्याख्यानें दिलीं, लोकांकडून पैसा जमविला. अमेरिकेच्या हूव्हर यांच्या संस्थेनें तर १९२२ च्या उन्हाळ्यांत रोज एक कोटीहून अधिक लोकांना अन्न दिलें. तरीहि सुमारें ५० लक्ष माणसें दगावलीं.

यादवीमुळें परागंदा झालेल्या लाखों रशियनांस कोणतेंच राष्ट्र आपलें म्हणेना. कागदपत्रांवांचून त्यांना सरहद्द ओलांडतां येईना, काम मिळेना. डॉ. नान्सेन यांच्या खटपटीनें जुलै १९२२ मध्यें त्यांच्यासाठीं एक ओळखपत्र मान्य झालें. पुढें पन्नासांहून अधिक राष्ट्रांनीं तें स्वीकारलें. हाच प्रसिद्ध नान्सेन पासपोर्ट. त्याच वर्षींचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. ती रक्कमहि त्यांनीं साह्यकार्यास वाहिली. १३ मे १९३० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

भुकेल्याचा पक्ष विचारण्याआधीं त्याला भाकरी द्यावी, हा त्यांच्या चरित्राचा धडा राष्ट्रें अजूनहि पुरता शिकलेलीं नाहींत. मुलांनो, तो शिकण्यासाठीं मोठें होण्याची वाट पाहूं नका.