गणिती ऑयलर

लेओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तेच करावे ही त्यांची इच्छा, पण योहान बर्नुली या थोर गणितज्ञांनी मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळविले. १७२७ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, ऑयलर रशियात पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले.

फर्मा या फ्रेंच पंडितांचे एक अनुमान तेथे त्यांच्या कानी आले. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६ असे वर्ग करीत जावे आणि प्रत्येकात १ मिळवावा. ५, १७, २५७, ६५५३७ अशा संख्या येतात. या साऱ्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना कशानेही निःशेष भाग जात नाही. पुढेही असेच चालणार, असे फर्मांना वाटे. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. एवढ्या मोठ्या संख्येला भाग लावून पाहणार कोण? ऑयलर यांनी १७३२ साली तिला ६४१ ने भाग जातो असे दाखविले. भागाकार ६७,००,४१७. (भगिनींनो, मी पाटीवर गुणाकार करून पाहिला, बरोबर जुळतो!) यामागची युक्ती त्यांनी पुढे सांगितली. असा मूळ भाजक असलाच, तर ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांतच तो सापडतो. त्यांतल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या खेपेलाच काम झाले.

१७३४ साली चित्रकाराची मुलगी कातारीना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तेरा अपत्ये झाली, पैकी पाचच मोठी झाली. चरित्रकार या माउलीविषयी फार थोडे लिहितात. आठ लेकरे गमावून एवढा संसार तिने कसा ओढला असेल, ते आपणच जाणावे.

१७३८ च्या सुमारास ऑयलर यांचा उजवा डोळा गेला. मध्यंतरी पंचवीस वर्षे बर्लिनला काढून १७६६ साली ते रशियात परतले, तो डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आला. १७७१ साली घराला आग लागली आणि बाझेलच्याच एका गृहस्थाने त्यांना उचलून बाहेर आणले. त्याच वर्षी शस्त्रक्रिया होऊन चार दिवस दिसू लागले आणि पुन्हा अंधार झाला.

पण डोक्यातले आकडे गेले नाहीत. ते सांगत, मुले व शिष्य लिहून घेत. १७७२ साली त्यांनी एका पत्रातून कळविले की, २ ला २ ने गुणत एकतीस दोन झाले की १ वजा करून येणारी २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ सुमारे ४६,३४०, म्हणजे तेथपर्यंतचे भाजक तपासायचे. नुसते लावीत बसले असते तर हजारो भागाकार करावे लागते. ऑयलर यांनी आधीच चाळणी लावल्यामुळे ३७२ पुरेसे झाले. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

१७७३ साली कातारीना वारली. १७७६ साली त्यांनी तिच्या सावत्र बहिणीशी विवाह केला. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नातवाला शिकवून व नव्या सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेच्या गणिताबद्दल बोलून झाल्यावर, त्यांना एकाएकी झटका आला आणि त्याच रात्री त्यांचे प्राण गेले.