सर मार्क ऑलिफंट : एका शास्त्रज्ञाची जीवनकथा

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरालगतच्या केंट टाउन येथे ८ ऑक्टोबर १९०१ रोजी मार्क ऑलिफंट यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकर होते. पाच भावांत मार्क थोरले. एक कान बहिरा आणि दृष्टी अधू, तरी लहानपणापासून हाताने वस्तू बनविण्याचा नाद होता. शिक्षण संपताच घरी पैसा हवा म्हणून त्यांनी एका जवाहिऱ्याकडे झाडलोटीचे काम धरले. पुढे सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी मिळाली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी विद्यापीठाचे वर्ग, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

१९२५ साली प्रख्यात शास्त्रज्ञ रदरफर्ड अ‍ॅडलेडला आले. त्यांचे व्याख्यान ऐकून ऑलिफंट यांनी निश्चय केला की, शिकायचे ते याच गुरूच्या हाताखाली. शिष्यवृत्ती मिळवून १९२७ साली ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांनी निवडलेला विषय वरकरणी लहान वाटतो. धनभारित आयन धातूच्या पृष्ठभागावर आदळला तर काय होते? जोरात फेकलेल्या दगडाने माती उडावी, तसे वेगवान आयनाने इलेक्ट्रॉन उडणे समजू शकते. परंतु अगदी मंद आयनानेही धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे कसे?

उत्तर आयनाच्या वेगात नसून त्याच्या रिकाम्या जागेत आहे. हेलियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढण्यास २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा आयनात जणू ठेव म्हणून असते. आयन धातूपासून मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या काही पटींइतक्या अंतरावर आला की, धातूतला एक इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत उतरतो. टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. तेव्हा सुमारे २० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. ती धातूतल्याच दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बाहेर निसटतो. बाहेर पडताना त्यालाही ४.५ मोजावे लागतात, तरी पदरी १५ उरतातच! काही वेळा इलेक्ट्रॉन प्रथम वरच्या पातळीत शिरतो, अणू उत्तेजित होतो आणि मग ती ऊर्जा पृष्ठभागाला देतो. १९२९ साली ऑलिफंट यांना डॉक्टरेट मिळाली. १९३० साली त्यांनी फिलिप मून यांच्यासह या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील होमर हॅगस्ट्रम यांनी या क्रियेचा सविस्तर सिद्धांत मांडला.

१९३४ साली रदरफर्ड व हार्टेक यांच्यासह ऑलिफंट यांनी ट्रिटियमचा शोध लावला. आदल्याच वर्षी त्यांचा लहानगा मुलगा मेंदूज्वराने गेला होता. ते दुःख उरात ठेवून त्यांनी काम चालू ठेवले. १९३७ मध्ये ते बर्मिंगहॅम येथे प्राध्यापक झाले. त्यांच्याच विभागात १९४० साली रडारला बळ देणारा मॅग्नेट्रॉन तयार झाला.

परंतु त्यांच्या आयुष्यातील कठीण प्रश्न पुढेच होता. हिटलरच्या हाती आधी अणुबाँब पडेल, या भीतीने १९४१ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी तेथील शास्त्रज्ञांना जागे केले. पुढे ते स्वतः बर्कले येथे युरेनियमचे आयन वेगळे करण्याच्या कामात सहभागी झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे त्या बाँबने जो संहार केला, त्याने त्यांचे मन हादरले. तेव्हापासून अण्वस्त्रांना त्यांनी उघड विरोध केला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५१ साली अमेरिकेने त्यांना व्हिसा दिला नाही.

१९५० साली मायदेशी परतून त्यांनी कॅनबेरा येथे भौतिकशास्त्राची संशोधनशाळा उभारली. तेथील त्यांचे मोठे त्वरणयंत्र पूर्ण झाले नाही व लोकांनी थट्टा केली. तरी ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९७१ ते १९७६ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल होते. १४ जुलै २००० रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, झाडलोट करणारा मुलगा राज्यपाल झाला, एवढाच धडा या चरित्रातून घेऊ नका. आपल्या विद्येचे फळ कोणाच्या पदरात काय टाकते, हे विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. पालकांनीही मुलांना गुणांबरोबर हा प्रश्न विचारण्यास शिकवावे.