सरखेलांच्या किनाऱ्यावर, सायकलच्या वेगाने

मुंबईहून मोटारीने निघालेल्या माणसाला आता उरण काही दूर राहिलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि खाडीवरचा सारा प्रवास मिनिटांच्या हिशेबात आला. या सेतूवर दुचाकींना मात्र मज्जाव आहे. सायकलवाल्याला आजही पूर्वीच्याच वाटेने जावे लागते. उरण गाठायचे, द्रोणागिरीच्या डोंगराला सोबत घेत करंजा बंदरावर यायचे, सायकल लाँचवर चढवायची आणि धरमतरच्या खाडीचे तोंड ओलांडून पलीकडे रेवसला उतरायचे. तिथून चोंढी, थळ, अलिबाग, नागाव, चौल आणि रेवदंडा. सारा मिळून पन्नासएक किलोमीटरचा रस्ता. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे, मिठागरे, कोळीवाडे आणि अधूनमधून झाडांच्या फटीतून चमकणारा समुद्र. सहलीसाठी याहून अधिक काय हवे?

पण या रस्त्याला एक दुसरेही अंग आहे. तीनशे वर्षांपूर्वी एवढ्याच पट्ट्यात चार सत्ता एकमेकींवर डोळा ठेवून बसल्या होत्या. मुंबई इंग्रजांची. उरण-करंजा आणि पलीकडे चौल-रेवदंडा पोर्तुगीजांचे. थळसमोरचे उंदेरी बेट आणि दक्षिणेचा मुरूड-जंजिरा सिद्दीचा. या सगळ्यांच्या मधोमध, खांदेरी बेटावर आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर, कान्होजी आंग्रे पाय रोवून उभे होते. तीन परक्या आरमारांच्या कचाट्यात हा माणूस तीस वर्षे टिकला कसा, हे नकाशा पाहून कळत नाही. वारा आणि भरती-ओहोटी अंगावर घेत हा किनारा सावकाश पार केला, की ते उमगू लागते.

घाटावरून दर्यावर

आंग्रे घराणे मूळचे घाटावरचे. आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातल्या आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. त्यांचे बालपण आणि उमेदवारी हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेली. सिद्दीने या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदाराचे मन डळमळले. तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला लढवला आणि राखला, अशी हकिगत सांगितली जाते. तिचा तपशील काहीही असो, पुढच्या काही वर्षांत ते मराठी आरमारातले पहिल्या रांगेतले नाव झाले, हे खरे.

तो काळ कठीण होता. संभाजी महाराजांची हत्या झालेली, रायगड पडलेला, राजाराम महाराज जिंजीला गेलेले. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना वरून ना पैसा मिळत होता ना कुमक. १६९८ मध्ये आरमाराचे सरदार सिधोजी गुजर वारले आणि धुरा कान्होजींकडे आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाला चिकटला तो कायमचा. पुढे ताराराणींच्या कारभारात मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्याचे रक्षण त्यांच्याकडे होते.

वारा आणि उथळ पाणी

हिवाळ्यात या वाटेवर सायकल मारणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजते. पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. दुपार कलली, की तो उलटतो आणि समुद्रावरून येऊ लागतो. सकाळी अलिबागकडे मजेत गेलेला गडी संध्याकाळी रेवसकडे परतताना समोरच्या वायव्य वाऱ्याशी झगडत असतो. मोटारीत बसलेल्याला याचा पत्ताही लागत नाही.

कान्होजींचे सगळे युद्धशास्त्र या साध्या ज्ञानावर उभे होते. त्यांच्याकडे दोन प्रकारची जहाजे होती. गुराब हे मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. पुढच्या नाळेवरून त्याच्या तोफा थेट समोर मारा करीत. गलबत हे लहान, हलके, शिडाबरोबरच चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला, की कंपनीचे अवजड जहाज जागीच खिळायचे. त्याच्या तोफा दोन्ही बाजूंना, त्यामुळे ते वळल्याखेरीज मागे-पुढे मारा करता येत नसे. अशा वेळी गलबते दोर लावून गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीला आणायची. पारडे फिरते आहे असे दिसले, तर तीच गलबते उथळ खाडीत शिरायची. तिथे मोठ्या जहाजाचा तळ चिखलात रुतायचा. भंडारी, कोळी आणि किनाऱ्यावरच्या इतर जातीजमातींच्या माणसांना प्रत्येक खडक, प्रत्येक वाळूचा दांडा पाठ होता. कान्होजींच्या चाकरीत काही युरोपीय माणसेही होती.

थळच्या किनाऱ्यावर सायकल उभी करून समोर पाहावे. खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे जवळजवळ दिसतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीला तट घातला, तेव्हा लगोलग सिद्दीने उंदेरी बळकावले. मुंबईत शिरणाऱ्या जहाजांची वाट इथून जाते. खांदेरीवर बसलेला माणूस मुंबईच्या दारातच बसलेला असतो. इंग्रजांना ही गोष्ट सतत सलत राहिली.

चाचा की सत्ताधीश?

इंग्रजी कागदपत्रांनी कान्होजींना चाचा ठरवले. वादाचे मूळ होते दस्तक. या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचा परवाना घ्यावा, न घेतल्यास जहाज धरले जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीजही असेच परवाने विकत आणि इंग्रजही आपल्या आश्रयातल्या व्यापाऱ्यांना पास देत. मग हा हक्क किनाऱ्याच्या धन्याला का नसावा? अर्थात, धरलेल्या जहाजाच्या मालकाला हा युक्तिवाद फारसा दिलासा देत नसणार. त्या काळच्या समुद्रावर कर आणि लूट यांच्यातली रेषा पुसटच होती, आणि ती कोण आखतो यावर सारे अवलंबून होते.

नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नराचे खासगी जहाजच पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत आली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिची सुटका झाली आणि इंग्रजांशी तह झाला.

एका भेटीने वळलेला इतिहास

त्याच वर्षी कान्होजींपुढे आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते आणि मराठी दौलत दुभंगली होती. कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून लोहगडावर अडकवले. आता त्यांची फौज साताऱ्यावर चालून येणार, अशी स्थिती झाली.

शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि पाठवले. बाळाजीही कोकणातलेच, श्रीवर्धनचे. त्यांनी लढाईऐवजी बोलणे केले. घरातच तलवारी चालल्या तर समुद्रावरचे तिघे शत्रू टपलेलेच आहेत, ही गोष्ट दोघांनाही समजत होती. १७१४ च्या आरंभी समेट झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले. शाहूंनी त्यांचे सरखेलपद कायम केले आणि सव्वीस लहानमोठे किल्ले व ठाणी त्यांच्याकडे ठेवली. रणांगणावर वरचढ असताना तडजोड करणारे सरदार त्या काळात विरळाच होते.

या समेटाचे मोल पुढे कळले. चार्ल्स बून हा गव्हर्नर मुंबईत आला आणि त्याने आंग्र्यांचा नायनाट करण्याचा चंग बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावरचा हल्ला फसला, १७१८ मध्ये खांदेरीवरचा. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे सहा हजार फौजेनिशी कुलाब्यावर चालून आले. मदतीला इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजेही होती. पण आता कान्होजी एकटे नव्हते. साताऱ्याहून पिलाजी जाधव आणि खुद्द बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन धावून आले. हल्ला मोडला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये परस्पर तह करून अंग काढून घेतले आणि इंग्रज हात चोळीत मुंबईला परतले.

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चालत कुलाब्यात जाता येते. भरतीला तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. दिवसातून दोनदा बदलणारी ही वाट ज्याला पाठ, त्याचाच तो किल्ला.

वारसा

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. आयुष्यभर समुद्रावर अजिंक्य राहिलेल्या या माणसाचे घर मात्र त्याच्यामागे फुटले. थोरले सेखोजी लवकर गेले. संभाजी आणि मानाजी यांच्यात वाटण्यांवरून भांडण पेटले आणि कुलाबा एकीकडे, सुवर्णदुर्ग दुसरीकडे झाला. धाकट्या तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. १७१४ मध्ये दोन शहाण्या माणसांनी जे सांधले, ते पुढच्या पिढीने उसवले. कान्होजींच्या चरित्रातला हा सर्वांत बोचरा धडा.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईच्या आपल्या तळाला त्यांचे नाव दिले. मुंबईच्या इंग्रजांनी ज्याला चाचा म्हटले, त्याचेच नाव. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे सरखेलांचे तिन्ही जलदुर्ग आहेत.

रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या, १९८० च्या दशकापासून बोलल्या जाणाऱ्या पुलाचे कामही आता हाती घेण्यात आले आहे. तो झाला की खाडी ओलांडायला लाँचची वाट पाहावी लागणार नाही, आणि इथल्या माणसांची मोठी सोय होईल. पण त्याआधी एखाद्या थंडीच्या रविवारी मुलांना घेऊन, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, या वाटेने एकदा सायकल काढायला हरकत नाही. लाँच खाडीच्या मध्यावर आली, की पाण्याची ओढ जाणवते, वारा कुठून येतो ते गालाला कळते. या किनाऱ्याच्या धन्याचे शिक्षण त्या दोघांच्याच हाताखाली झाले होते.