बकरीचे दूध

महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे एका वैष्णव कुटुंबात झाला. घरात मांसाहार वर्ज्य होता. परंतु किशोरवयात एका मित्राच्या आग्रहास बळी पडून मोहनदासने चोरून बकऱ्याचे मांस खाल्ले. त्या रात्री आपल्या पोटात जिवंत बकरे ओरडत आहे, असा भास होऊन तो पुन्हा पुन्हा दचकून उठला. पुढे आईवडिलांशी खोटे बोलणे असह्य झाले, तेव्हा त्याने तो मार्ग सोडला.

१८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस जाताना मांस न खाण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईच्या समाधानासाठी घेतली. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि आईसाठी पाळलेले व्रत त्यांचे स्वतःचे झाले.

पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना, गाईम्हशींचे गवळ्यांकडून होणारे हाल त्यांनी कलकत्त्याकडून आलेल्या लिखाणात वाचले. त्यांचे मन कळवळले. जे दूध आपण निष्पाप म्हणून पितो, त्यामागेही मुक्या जिवाची वेदना असू शकते, हे त्यांना उमगले. दूध हा माणसाचा स्वाभाविक आहार नव्हे, असेही त्यांना वाटत होते. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी व त्यांचे स्नेही कॅलनबाख यांनी दूध वर्ज्य केले.

या व्रताची कसोटी भारतात लागली. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींना आमांशाने गाठले. शरीर झिजून गेले. १९१९ च्या प्रारंभी मुंबईस डॉक्टर दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याखेरीज शक्ती येणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. गांधीजींनी आपल्या प्रतिज्ञेचे कारण सांगितले. उशाशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी लगेच सुचविले, की मग बकरीच्या दुधास हरकत नसावी. रौलट विधेयकांविरुद्ध सत्याग्रह उभारण्यासाठी जगण्याची ओढ गांधीजींच्या मनात प्रबळ होती. त्यांनी ते दूध घेतले.

शरीर सावरले, पण मनाला रुखरुख लागली. प्रतिज्ञा घेताना गाई-म्हशीच डोळ्यांपुढे होत्या, हे खरे. परंतु तिचा अर्थ सर्व दुधाचा त्याग असाच होता. शब्द राखला, पण त्याचा आत्मा दुखावला, असे त्यांना वाटे. लोक त्यांना महात्मा म्हणत असतानाही ही उणीव त्यांनी लपविली नाही. आपल्या आत्मकथेत ती स्पष्टपणे लिहून ठेवली. मुक्या जिवांवरील दया आणि स्वतःविषयीचा सच्चेपणा, दोन्ही त्यांना सारखीच प्रिय होती.