विश्लेषण : मायकेल्सन यांना ईथरचा ‘वारा’ का सापडला नाही?

अल्बर्ट मायकेल्सन यांना १९०७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकी. पण ज्या प्रयोगामुळे त्यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे, तो त्यांच्या स्वतःच्या लेखी फसलेला प्रयोग होता.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी तेव्हाच्या प्रशियातील, आताच्या पोलंडमधील स्ट्रेल्नो गावी ज्यू कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेला गेले. वडिलांनी कॅलिफोर्निया आणि नेवाडातील खाणकामगारांच्या वस्त्यांत दुकान चालवले. नौदल अकादमीतील प्रवेशासाठी हा मुलगा थेट अध्यक्ष ग्रँट यांच्याकडे गेला. अध्यक्षांच्या वाट्याच्या जागा भरल्या होत्या, तरीही त्याला घेतले गेले.

पुढे मायकेल्सन तिथेच शिक्षक झाले. वर्गात प्रकाशाचा वेग मोजून दाखवण्याची तयारी करताना फूको यांच्या फिरत्या आरशाच्या पद्धतीत सुधारणा करण्याची कल्पना त्यांना सुचली. सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले. १८७९ मध्ये त्यांनी काढलेला वेग होता सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर. आजच्या आकड्याशी तुलना केली, तर दहा हजारांत जेमतेम चार भागांची तफावत!

मग त्यांनी ईथरचा शोध हाती घेतला. ध्वनीला हवा लागते, लाटेला पाणी लागते. तसेच प्रकाशलहरींना वाहून नेणारे ईथर नावाचे माध्यम अवकाशभर पसरले आहे, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे धावत्या गाडीच्या खिडकीतून वारा लागावा, तसा पृथ्वीला ईथरचा वारा लागायला हवा.

तो ओळखायचा कसा? सारख्याच ताकदीचे दोन पोहणारे घ्या. एक नदी आडवी पार करून परत येतो, दुसरा तितकेच अंतर प्रवाहाबरोबर जाऊन उलटा येतो. दुसरा नेहमीच मागे पडतो, कारण उलट्या प्रवाहात गमावलेला वेळ जातानाच्या फायद्याने भरून निघत नाही. मायकेल्सन यांनी पोहणाऱ्यांच्या जागी प्रकाशकिरण घेतले. अर्धपारदर्शक आरशाने किरण दुभंगायचा, दोन भाग काटकोनात पाठवायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. त्यातून काळे-उजळ पट्टे दिसतात. उपकरण फिरवल्यावर पट्टे सरकले, तर वारा आहे.

टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी खर्च उचलला. बर्लिनमधील हादऱ्यांनी पट्टे थरथरत, म्हणून उपकरण पॉट्सडॅमला हलवले. १८८१ मध्ये हाती काही लागले नाही, शिवाय हिशेबातही चूक निघाली. १८८५ मध्ये मायकेल्सन मानसिकदृष्ट्या खचले. त्यातून सावरून १८८७ च्या जुलैत क्लीव्हलँडमध्ये रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्ले यांच्यासह त्यांनी पुन्हा मोजणी केली. आता उपकरण पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर होते. पट्टा स्वतःच्या रुंदीच्या ०.४ पट सरकणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाही सरकला नाही. वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा मोजण्याचा बेत होता. तो दोघांनी सोडूनच दिला.

फिट्झजेराल्ड आणि लोरेन्ट्झ यांनी ईथर वाचवण्यासाठी, गतीच्या दिशेने वस्तू आक्रसतात, असा तोडगा काढला. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ईथरच अनावश्यक ठरवले. एकमेकांच्या सापेक्ष एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना प्रकाशाचा निर्वातातील वेग सारखाच मिळतो, मग वारा सापडणार कुठून? आइन्स्टाइन यांचा सिद्धांत याच प्रयोगातून जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. त्यांच्या त्या निबंधात मायकेल्सन यांचे नावही नाही. नोबेलच्या मानपत्रातही अचूक प्रकाशीय उपकरणे आणि त्यांनी केलेली मापने आहेत, ईथर नाही.

मायकेल्सन यांनी सापेक्षता मनापासून कधीच स्वीकारली नाही. ईथरवरचा त्यांचा लोभ उतारवयातही कायम होता. वेग मोजण्याचा ध्यासही तसाच होता. १९२०च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातील दोन डोंगरांदरम्यान, सुमारे ३५ किलोमीटरवर प्रकाश पाठवून सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर हा आकडा काढला. त्यानंतर हवेचा अडथळाच नको म्हणून मैलभर लांबीची निर्वात नळी उभारली. मोजणी सुरू असतानाच ९ मे १९३१ रोजी पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. सहकारी पीस आणि पिअर्सन यांनी ते काम पुरे केले आणि १९३५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : २,९९,७७४. आजचा प्रमाण आकडा २,९९,७९२.४५८ आहे, म्हणजे डोंगरांवरचे मोजमाप नळीतल्यापेक्षा अधिक अचूक निघाले.