फुगलेले पोट आणि डॉ. हर्शस्प्रंग

जन्मून दोन दिवस झाले तरी बाळाला शी झालेली नाही, पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आणि उलटी हिरवी. अशा बाळाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर आम्ही ज्या आजाराची शंका लिहितो, त्याला डेन्मार्कच्या एका डॉक्टरचे नाव आहे: हॅराल्ड हर्शस्प्रंग.

त्यांचा जन्म १८३० चा, कोपनहेगनमधला. वडिलांचा तंबाखूचा कारखाना होता. तयार गादी सोडून मुलाने वैद्यकी धरली. (तंबाखूच्या पेढीवर पाणी सोडणे म्हणजे काय, हे निपाणीकडे सोयरीक असलेल्या वाचकांना सांगायला नको.) १८६१ सालचा त्यांचा प्रबंधच जन्मतः बंद असलेल्या अन्ननलिकेवर आणि आतड्यावर होता. १८७९ मध्ये राणी लुईजच्या नावाचे मुलांचे रुग्णालय उघडले, तिथे ते प्रमुख झाले. गरिबांच्या मुलांना फुकट उपचार मिळावेत, हा त्यांचा हट्ट. खाटांवर बायबलची वचने लावण्याऐवजी प्राण्यांची चित्रे लावायची, यावरून खुद्द राणीशी त्यांचे बिनसले, असे सांगतात. मला हा माणूस तिथेच आवडला.

लहान मुलाचे आतडे कधीकधी एकात एक शिरून अडकते. मूल मधूनच कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, मग गळून पडते. पुढे शीतून लाल जेलीसारखे रक्त येते. हे बहुधा दोन वर्षांच्या आतल्या मुलांत दिसते. हर्शस्प्रंग एनिमाच्या पाण्याच्या दाबाने शिरलेले आतडे मागे ढकलत. १९०५ मध्ये त्यांनी १०७ मुलांचा हिशेब मांडला. त्यांतली ३५ टक्के दगावली होती. आज आकडा भयंकर वाटतो, पण तेव्हा अशी बहुतेक मुले जातच. आजही सोनोग्राफीत बघत पाण्याने किंवा क्ष-किरणांखाली हवेने हेच करतात आणि पुष्कळदा चाकू टळतो. मात्र मूल वेळेत आले तर. दृष्ट काढण्यात आणि हिंग लावण्यात दिवस गेला, तर आतडे काळे पडते.

नाव चिकटले ते १८८६ च्या बर्लिनमधल्या व्याख्यानामुळे. जन्मापासून शी न होणारी दोन बाळे वर्षाच्या आत गेली होती. त्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले होते. फुगलेला भाग हाच आजार, असे हर्शस्प्रंगना वाटले. चूक स्वाभाविक होती. दोष खालच्या, दिसायला साध्या अरुंद भागात असतो. तिथल्या भिंतीत मज्जापेशीच नसतात, म्हणून तो भाग सैल पडत नाही आणि वर सगळे तुंबते. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उघडले तेव्हा हर्शस्प्रंग अजून कामावर होते, पण या बाळांवर खात्रीचा उपाय तेव्हा ना कोपनहेगनला होता, ना मिरजेला. १९०४ मध्ये आजारपणामुळे ते निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये वारले. अरुंद भाग काढून वरचे चांगले आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या डॉ. स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये मांडली.

आता गुदाशयाचा छोटा तुकडा तपासून निदान पक्के होते. अंगावर पिणारे महिन्या-दोन महिन्यांचे बाळ चार दिवस शी न करताही मजेत असू शकते. पोट मऊ असेल, दूध ओढत असेल तर घाबरू नये. पण पहिली काळी शी २४ तासांत झाली नाही, तर बाळंतीण घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. गुटी, एरंडेल, साबणाची वडी यांतले काही करू नये. आणि उलटी हिरवी असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघावे. लहान मुलांचे सर्जन कुठे आहेत, हे विचारून थेट तिथेच.